एक मोडेम, दोन कामं आणि गप्प केलेली कॅरियरची तार

परिस्थिती

दूरच्या एका केंद्रात लिनक्सचं एक जुनं यंत्र मोजमापांच्या नोंदी गोळा करायचं. तिथे इंटरनेट नव्हतं, टेलिफोनची एक लाइन होती आणि तिच्यावर बाहेरून जोडलेला ५६के मोडेम (संगणकाची माहिती फोनच्या सुरांत बदलणारा डबा). त्या मोडेमकडे कामं दोन. रात्री यंत्राने स्वतः नंबर फिरवायचा, पीपीपीने (फोनच्या लाइनवर नेटवर्क जोडायच्या पद्धतीने) जोडणी करायची, दिवसभराच्या नोंदी पाठवून फोन ठेवायचा. दिवसा उलटी दिशा. देखभाल करणाऱ्याने लांबून फोन लावायचा, मोडेमने तो उचलायचा आणि समोर लॉगिनची ओळ यायची.

मदरबोर्ड बदलल्यावर दोन्ही कामं बंद पडली. त्यानंतर हे प्रकरण माझ्याकडे आलं. नव्या बोर्डावर सीरियल पोर्ट (एकेक बिट क्रमाने नेणारी जोडणी) एकच होता आणि तो यूपीएसच्या देखरेखीत गुंतलेला. म्हणून कुणीतरी कपाटातलं सीरियल पोर्टचं जुनं आयएसए (जुन्या पद्धतीच्या खाचेत बसणारं) कार्ड बसवून मोडेम त्याच्यावर जोडला होता. यंत्र सुरू होताना कर्नल (लिनक्सचा गाभा) ते पोर्ट ओळखत होता, /डेव्ह/टीटीवायएस२ या नावाने दाखवतही होता. पण मिनिकॉम (पोर्टशी थेट बोलायचा प्रोग्राम) उघडून ‘एटी’ (मोडेमला हाक मारायची आज्ञा) टाइप केलं की ‘ओके’ यायचं नाही. बराच वेळ शांतता, मग एखादं सुटं अक्षर, नाहीतर नुसती रिकामी ओळ.

(आज्ञा आणि फायलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. यंत्रावर ती नेहमीच्या रोमन अक्षरांतच द्यायची.)

तळापासून सुरुवात: पत्ता आणि इंटरप्ट

मोडेम चालेना की लोक आधी मोडेमच्या आज्ञा बदलून पाहतात. माझं मत याच्या उलट आहे. सीरियल पोर्टमध्ये एकावर एक थर असतात आणि खालचा थर पक्का झाल्याशिवाय वरच्या थराची कुठलीही चाचणी विश्वासाची नसते. सगळ्यात खाली दोन आकडे असतात: पोर्टचा पत्ता आणि त्याचा आयआरक्यू, म्हणजे प्रोसेसरला हाक (इंटरप्ट) मारायच्या रेषेचा क्रमांक.

पीसीच्या घडणीत हे आकडे परंपरेने ठरलेले आहेत. पहिलं पोर्ट षोडशमान ३एफ८ या पत्त्यावर, आयआरक्यू ४. दुसरं २एफ८, आयआरक्यू ३. तिसरं ३ई८ आणि पुन्हा आयआरक्यू ४. चौथं २ई८ आणि पुन्हा आयआरक्यू ३. म्हणजे पोर्टं चार असली तरी इंटरप्टच्या रेषा दोनच. आयएसए बसवर या रेषा दोन उपकरणांत सुखाने वाटून घेता येत नाहीत, म्हणून तिसरं-चौथं पोर्ट लावताना कार्डावरचा जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) हलवून वेगळा आयआरक्यू द्यायची पद्धत होती. आमच्या कार्डावरही कुणीतरी कधीकाळी तो जंपर ५ वर नेऊन ठेवला होता.

‘सेटसीरियल -जी /डेव्ह/टीटीवायएस२’ ही आज्ञा मात्र पत्ता ३ई८, आयआरक्यू ४ असं सांगत होती. इथे अनेकांची फसगत होते. अशा वापरात सेटसीरियल हार्डवेअरला काही विचारत नाही आणि त्यात काही बदलतही नाही. ड्रायव्हरची (पोर्ट चालवणाऱ्या कर्नलच्या भागाची) त्या पोर्टबद्दल काय समजूत आहे, एवढंच ते दाखवतं किंवा बदलतं. पत्त्यावर चिप सापडली म्हणून पोर्ट दिसत होतं. आयआरक्यूचा आकडा मात्र कर्नलच्या ठरलेल्या तक्त्यातून आलेला होता. कार्ड ५ नंबरच्या रेषेवर हाका मारत होतं आणि ड्रायव्हर ४ नंबरवर कान लावून बसला होता.

मग मधूनच एखादं अक्षर येतं ते कसं? हे कोडं सुटल्यावर निदानाबद्दल शंका उरली नाही. यूपीएसचं पोर्ट खरोखरच आयआरक्यू ४ वर होतं, आणि देखरेखीचा प्रोग्राम त्याला दर काही सेकंदांनी प्रश्न विचारायचा. त्या पोर्टचा इंटरप्ट आला की कर्नलचा सीरियल ड्रायव्हर ४ नंबरखाली नोंदलेली सगळी पोर्टं एका फेरीत तपासतो. त्यात टीटीवायएस२ सुद्धा असायचं. म्हणजे मोडेमचं बोलणं यूपीएसच्या उत्तराला लागून आत येत होतं. यूपीएसचा प्रोग्राम थांबवला आणि ती सुटी अक्षरंही थांबली. ‘/प्रॉक/इंटरप्ट्स’ या हाका मोजणाऱ्या फाइलमध्ये ४ समोरची संख्या वाढायची थांबली तेव्हा मोडेमचे दिवे मात्र लुकलुकत होते.

‘सेटसीरियल /डेव्ह/टीटीवायएस२ आयआरक्यू ५’ दिल्याबरोबर मोडेमने ‘ओके’ म्हटलं. ही आज्ञा यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर टिकत नाही, सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये ती लिहून ठेवावी लागते.

चिप कोणती, हा प्रश्न सोडायचा नाही

त्याच सेटसीरियलच्या उत्तरात आणखी एक शब्द होता: यूएआरटी १६४५०. इथे मी थांबलो, कारण ‘ओके’ येतंय म्हणजे झालं, असं या चिपच्या बाबतीत म्हणता येत नाही.

यूएआरटी तारेवरून एकेक बिट घेऊन त्यांचा बाइट बनवते आणि प्रोसेसरला हाक मारते. ८२५० आणि १६४५० या चिपांमध्ये तयार बाइट ठेवायला एकच जागा असते. पुढचा बाइट पूर्ण व्हायच्या आत प्रोसेसरने आधीचा उचलला नाही तर तो कायमचा गेला. १६५५०ए मध्ये १६ बाइटांची रांग असते. आकडे मांडले की फरक डोळ्यांत भरतो. पोर्टचा वेग १,१५,२०० बिट, प्रत्येक बाइटमागे सुरुवातीचा आणि शेवटचा धरून १० बिट, म्हणजे सेकंदाला ११,५२० बाइट. एका बाइटला सुमारे ८७ मायक्रोसेकंद. १६४५० असेल तर प्रोसेसरला इतक्याच वेळात धावून यावं लागतं. १६५५०ए मध्ये लिनक्स साधारणपणे ८ बाइट जमल्यावर हाक येईल अशी सोय करतं. राहिलेल्या आठ जागांमुळे जवळपास ७०० मायक्रोसेकंदांची सवड मिळते. जुन्या आयडीई डिस्कवर लिहिताना इंटरप्ट थोडा वेळ अडवून धरले जातात. १६४५० चे बाइट तिथेच गळतात, १६५५०ए तेवढा वेळ सहसा निभावून नेते.

गळती झाली आहे का हे अंदाजाने ठरवायची गरज नाही. ‘/प्रॉक/टीटीवाय/ड्रायव्हर/सीरियल’ या फाइलमध्ये प्रत्येक पोर्टसमोर किती बाइट गेले, किती आले हे असतं. चुकलेल्या फ्रेम ‘एफई’ खाली आणि ओव्हररन (उचलायच्या आत गळालेले बाइट) ‘ओई’ खाली मोजलेले असतात. त्याच ओळीत या क्षणी कोणत्या नियंत्रण तारा चढलेल्या आहेत हेही कळतं. माझ्या दृष्टीने सीरियल पोर्टच्या निदानात एवढी प्रामाणिक दुसरी फाइल नाही. एक मोठी फाइल मागवून पाहिली, तर टीटीवायएस२ समोरचा ‘ओई’ भराभर वाढत होता. पीपीपी खराब झालेलं पाकीट टाकून देतं, वरचा टीसीपी (पाकिटं पोचल्याची खात्री करणारा थर) ते पुन्हा पाठवायला लावतो. त्यामुळे चूक कुठे दिसत नाही, सगळं फक्त संथ होतं.

उपाय जुळणीतच होता. बोर्डावरचं टीटीवायएस० हे पोर्ट १६५५०ए होतं आणि ते २,४०० बिटांवर गप्पा मारणाऱ्या यूपीएसला दिलेलं होतं. केबलींची अदलाबदल केली. यूपीएस जुन्या कार्डावर, मोडेम बोर्डावर. २,४०० वर एका बाइटला चार मिलिसेकंदांहून जास्त वेळ असतो, १६४५० ला तो पुरून उरतो. बदल करताना एक गोष्ट तपासावीच लागते: कर्नलच्या सुरुवातीच्या पर्यायांत सीरियल कन्सोल म्हणून टीटीवायएस० दिलेलं नाही ना. दिलेलं असेल तर यंत्र सुरू होतानाचे सगळे संदेश आज्ञा म्हणून मोडेमच्या कानावर पडतात.

‘हे तर पूर्वीपासूनच होतं’

मोडेम बोलू लागला, तेव्हा बोर्ड बदलण्याच्या आधीची दुखणी परत वर आली. रात्रीचा फोन कधी लागायचा, कधी नाही. सकाळी लॉगिन येत नसे, मग केंद्रातल्या कुणाला तरी मोडेम बंद करून चालू करायला सांगावं लागे. फोन मध्येच तुटला तर पुढे बराच वेळ लाइन व्यस्त लागायची. आणि एक गोष्ट तिथल्या लोकांनी सहज सांगितली: ‘कधीकधी फोन लावला की लॉगिन विचारतच नाही, सरळ प्रॉम्प्ट येतो.’

ते वाक्य ऐकून मला धास्ती वाटली. आधी जो कोणी आत होता त्याचं शेल (आज्ञा घेणारा प्रोग्राम) फोन तुटल्यावरही जिवंत राहत होतं आणि पुढच्या फोन करणाऱ्याच्या हाती पडत होतं. तो ‘रूट’ (सर्व अधिकार असलेलं खातं) असेल तर पूर्ण यंत्र, संकेतशब्दाशिवाय. टेलिफोन नंबर चुकून फिरवणाऱ्यालाही ते मिळालं असतं. ‘पूर्वीपासूनच’ म्हणून हे सोडून देणं शक्य नव्हतं.

जुन्या सेटिंगच्या फायली, त्यांतल्या शेरे-टिपा आणि मोडेमने ‘एटी&व्ही’ (सेटिंग दाखव) ला दिलेलं उत्तर समोर ठेवल्यावर घटनांची साखळी जुळली.

मुळात इनिटटॅबमध्ये (यंत्राने काय काय चालू ठेवायचं त्या यादीत) टीटीवाय पोर्टवर ‘एगेटी’ (लॉगिनची ओळ दाखवणारा प्रोग्राम) होतं आणि त्याला ‘-एम’ हा पर्याय होता. मोडेम जोडणी झाल्यावर ‘कनेक्ट’ आणि पुढे वेगाचा आकडा लिहितो. ‘-एम’ असेल तर एगेटी तो आकडा वाचून पोर्टचा वेग तेवढा करतं. ही रीत अगदी जुन्या मोडेमांसाठी होती, ज्यांचा लाइनवरचा वेग आणि पोर्टवरचा वेग एकच असायचा. पुढच्या मोडेमांत चुका सुधारणारं व्ही.४२ आणि दाबून पाठवणारं व्ही.४२बिस आलं, मधे बफर (तात्पुरत्या साठवणीच्या जागा) आले, आणि पोर्टचा वेग लाइनच्या वेगापासून सुटा झाला. आता पोर्ट एकाच चढ्या वेगावर कायम ठेवायचं असतं, लाइनवर काय चाललं आहे ते मोडेम पाहतो.

दोन अॅनलॉग मोडेमांमधली जोडणी व्ही.३४ या मानकाने होते. तिची कमाल ३३,६००. ५६के चा वेग पलीकडचं टोक डिजिटल असेल तरच मिळतो. व्ही.३४ चे वेग २,४०० च्या पटीत असतात: ३३,६००, ३१,२००, २८,८०० वगैरे. यातले बहुतेक आकडे सीरियल पोर्टच्या प्रमाण वेगांच्या यादीत नाहीत, म्हणून एगेटी ते ओळखत नसे आणि पोर्टचा वेग आहे तसा राहायचा. सगळं ठीक चालायचं. पण लाइन खराब असलेल्या दिवशी जोडणी १९,२०० वर झाली की तो आकडा यादीत सापडायचा. एगेटी पोर्ट १९,२०० वर आणायचं, मोडेम आपल्या जुन्या वेगावरच असायचा, आणि फोन करणाऱ्याला पडदाभर कचरा दिसायचा. ‘कधीकधी कचरा येतो’ या तक्रारीचं मूळ हे होतं.

ज्याने हे दुरुस्त करायचा प्रयत्न केला त्याला कॅरियरची (पलीकडच्या मोडेमचा सूर येतोय हे यंत्राला सांगणारी) तार, म्हणजे डीसीडी, संशयास्पद वाटली. त्याने एगेटीला ‘-एल’ दिलं, म्हणजे ही स्थानिक लाइन आहे, कॅरियरकडे पाहू नकोस. मोडेममध्ये ‘&सी०’ साठवलं, म्हणजे कॅरियर असो वा नसो, डीसीडीची तार कायम चढलेली ठेव. कचरा थांबला! कारण आता एगेटी फोन यायची वाट न पाहता लगेच पोर्ट उघडायचं, त्या क्षणी वाचायला ‘कनेक्ट’ नसायचंच, त्यामुळे वेग बदलायची वेळच येत नसे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं होऊनही आग विझली, म्हणून उपाय बरोबर ठरला आणि तसाच राहून गेला.

त्या एका तारेवर काय काय टांगलेलं असतं

इथे जरा सविस्तर सांगतो, कारण माझ्या मते अख्खं प्रकरण या तारेभोवती आहे.

नऊ पिनांच्या जोडणीत पहिली पिन डीसीडी. पलीकडच्या मोडेमशी संबंध जुळला की मोडेमने ती चढवायची, तुटला की उतरवायची. हेच ‘&सी१’. चौथी पिन डीटीआर, ती उलट्या दिशेची. यंत्र तयार आहे तोवर चढलेली, यंत्राने उतरवली की मोडेमने फोन ठेवायचा. हे ‘&डी२’. युनिक्सच्या टर्मिनल व्यवस्थेत या दोन तारांना थेट अर्थ आहे. ‘सीलोकल’ हे निशाण उतरलेलं असेल तर पोर्ट उघडणारा प्रोग्राम डीसीडी चढेपर्यंत थांबून राहतो. जोडणी चालू असताना डीसीडी उतरली तर कर्नल त्या सत्राला ‘सिगहप’ हा इशारा पाठवतो आणि शेल मरतं. ‘हपसीएल’ चढलेलं असेल तर शेवटच्या प्रोग्रामने पोर्ट बंद करताच डीटीआर उतरते आणि फोन ठेवला जातो. फोन आला, फोन तुटला, फोन ठेव: तिन्ही गोष्टी या दोन तारांवर.

‘&सी०’ आणि ‘-एल’ ने ती भाषाच बंद झाली. फोन तुटल्याचं कर्नलला कळेना, म्हणून शेल मरेना. शेल मरेना म्हणून पोर्ट बंद होईना, डीटीआर उतरेना. पुढचा फोन आला की मोडेम आपणहून उचलायचा, कारण ‘एस०=१’ (पहिल्या घंटेला उचल) होतं, आणि नवा माणूस जुन्या शेलमध्ये उतरायचा.

बाकीची दुखणीही इथूनच निघाली. फोन नसतानाही एगेटी लॉगिनची ओळ मोडेमला पाठवू लागलं. मोडेम आज्ञेच्या अवस्थेत, ‘ई१’ मुळे मिळालेलं प्रत्येक अक्षर परत पाठवणारा. एगेटीने आपलीच ओळ कुणाचं तरी नाव समजून वाचली, लॉगिनने संकेतशब्द विचारला, तोही परत आला, चुकीचा ठरला, पुन्हा पहिल्यापासून. इनिटच्या (ती यादी चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) नोंदींत ‘फार भराभर सुरू होतंय, पाच मिनिटं बंद’ अशा अर्थाच्या ओळी ढिगाने होत्या. त्यावर उपाय म्हणून कुणीतरी मोडेममध्ये ‘ई०’ आणि ‘क्यू१’ साठवलं: परत पाठवू नकोस, उत्तरंही देऊ नकोस. दिवसाचं काम सुरळीत झालं. पण रात्री नंबर फिरवणाऱ्या ‘चॅट’ या प्रोग्रामची स्क्रिप्ट ‘एटीझेड’ (साठवलेल्या अवस्थेत ये) पाठवून ‘ओके’ ची वाट पाहायची, आणि मोडेम आता मिठाची गुळणी धरून बसलेला. चॅट ठरलेले ४५ सेकंद थांबून हात टेकायचं. मग स्क्रिप्टमध्ये ‘एटीझेड’ च्या जागी ‘क्यू० ई१’ घातलं गेलं. त्याने रात्रीचा फोन लागू लागला, पण काम संपल्यावर मोडेम त्याच बोलक्या अवस्थेत राहायचा आणि सकाळी एगेटीचं स्वतःशीच बोलणं पुन्हा सुरू व्हायचं. मोडेम बंद-चालू केला की साठवलेली ‘क्यू१’ ची अवस्था परत यायची आणि लॉगिन सुरू व्हायचं. सकाळच्या त्या विधीचा अर्थ एवढाच होता.

रात्रीचा फोन कधी लागे, कधी नाही, त्याचंही कारण स्पष्ट झालं. ‘-एल’ मुळे एगेटीने पोर्ट सदैव उघडं धरलेलं असायचं आणि ते वाचतही असायचं. चॅटही तिथेच वाचायचं. एकाच पोर्टवर दोन वाचणारे असले की आलेले बाइट ज्याच्या हाती लागतील त्याचे. ‘कनेक्ट’ मधली दोन अक्षरं एगेटीकडे गेली की चॅटला तो शब्द कधीच पूर्ण दिसत नसे.

शेवटी लॉक फायली. युनिक्सच्या जगात यूयूसीपीच्या (फोनवरून फायली पाठवायच्या जुन्या सोयीच्या) काळापासून रीत आहे: पोर्ट वापरणाऱ्याने ठरलेल्या जागी, इथे ‘/व्हार/लॉक’ मध्ये, ‘एलसीके’, दोन टिंबं आणि पोर्टचं नाव अशी फाइल करायची, तिच्यात आपला प्रक्रिया क्रमांक लिहायचा. दुसऱ्याने ती पाहून थांबायचं. ही रीत सगळ्यांनी एकच नाव वापरलं तरच चालते. इथे पीपीपी टीटीवायएस हे नाव घेत होतं आणि नोंदी पाठवायची जुनी स्क्रिप्ट ‘/डेव्ह/मोडेम’ या जोडनावाने लॉक करत होती. एकाच दारावर दोन वेगळ्या नावांची कुलपं, दोघांनाही दार उघडंच दिसणार. एगेटी तर लॉक पाहत नाही आणि करतही नाही. वर स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत ‘एलसीके’ ने सुरू होणाऱ्या सगळ्या फायली पुसून टाकण्याची आज्ञा होती.

नवी मांडणी

एगेटी काढून एमगेटी (तेच काम मोडेमवर करणारा दुसरा प्रोग्राम) बसवलं. एका मोडेमने दोन्ही दिशांची कामं करायची असतील तर लिनक्सवर मी दुसऱ्या कशाचा विचार करत नाही. एमगेटी मोडेमला आपणहून फोन उचलू देत नाही, ‘एस०=०’ ठेवतं. पोर्टवर काही हालचाल झाली की आधी लॉक फाइल पाहतं. दुसऱ्याचा लॉक असेल तर बाजूला होतं आणि तो सुटल्यावर मोडेम पुन्हा पहिल्यापासून तयार करतं. लॉक नसेल आणि ‘रिंग’ हा शब्द आला असेल तर ‘एटीए’ देऊन फोन उचलतं. यात एक मोठा फायदा आहे: यंत्र अडकून पडलं असेल तर फोन उचललाच जात नाही. ‘एस०=१’ मध्ये मोडेम उचलतो आणि पलीकडचा माणूस शांततेकडे पाहत बसतो.

एमगेटीच्या फाइलमध्ये पोर्ट टीटीवायएस०, वेग १,१५,२००, फॅक्स नको म्हणून ‘डेटा-ओन्ली’, एवढंच. वेग १,१५,२०० का? व्ही.४२बिस उत्तम स्थितीत चौपट दाबतं, त्यामुळे ३३,६०० च्या लाइनवरही मजकुराच्या फायली पोर्टवर त्याहून बऱ्याच वेगाने वाहतात. पोर्ट सावकाश ठेवलं तर ती बचत वाया जाते.

पण वेग चढवला की रोखायची सोयही हवी. मोडेमचा बफर भरला की त्याने सीटीएस ही तार उतरवायची, यंत्राने थांबायचं. यंत्राला सवड हवी असेल तर त्याने आरटीएस ही तार उतरवायची. ही सोय दोन्ही टोकांना चालू असावी लागते: पोर्टवर ‘सीआरटीएससीटीएस’ आणि मोडेममध्ये तिची आज्ञा, जी या मोडेमवर ‘&के३’ होती. आज्ञेचं अक्षर प्रत्येक मोडेमच्या चिपवर सारखं नसतं, पुस्तिका पाहावी लागते. एकाच टोकाला चालू ठेवली तर छोटे मजकूर नीट जातात आणि मोठी फाइल मध्येच अडखळते, म्हणून चाचणी नेहमी मोठ्या फाइलची करावी.

मोडेमला ‘&एफ’ ने कारखान्याच्या अवस्थेत आणलं, मग ‘&सी१ &डी२ &के३ क्यू० व्ही१ एस०=०’ देऊन ‘&डब्ल्यू’ ने साठवलं. आता ‘एटीझेड’ ने तो कुठूनही या ओळखीच्या अवस्थेत येतो. रात्रीच्या स्क्रिप्टमधल्या मोडेम बदलणाऱ्या सगळ्या ओळी काढल्या आणि लॉक पुसणारी ओळ सगळ्यात आधी काढली. पीपीपीडीला (पीपीपी चालवणाऱ्या प्रोग्रामला) ‘लॉक’, ‘मोडेम’, ‘सीआरटीएससीटीएस’ आणि वेग दिला. पीपीपीडी कनेक्ट स्क्रिप्ट चालू असताना तात्पुरतं सीलोकल चढवतं, कारण तेव्हा कॅरियर अजून यायचा असतो, आणि जोडणी झाल्यावर उतरवतं. त्यामुळे लाइन तुटली की त्याला डीसीडीवरून कळतं. कॅरियर आहे पण पलीकडे कुणी उत्तर देत नाही, अशी स्थितीही येते. तिच्यासाठी ‘एलसीपी-एको-इंटरव्हल ३०’ आणि ‘एलसीपी-एको-फेल्युअर ४’ ठेवलं, म्हणजे साधारण दोन मिनिटांत फोन ठेवला जातो. ‘/डेव्ह/मोडेम’ हे जोडनाव पुसून टाकलं. रात्रीचं काम ज्या खात्यातून चालतं ते ‘डायलआउट’ या मोडेम वापरायची परवानगी असलेल्या गटात घातलं. ‘/ईटीसी/सेक्युअरटीटीवाय’ मध्ये सीरियल पोर्टांची नावं होती, ती काढली, म्हणजे फोनवरून सरळ ‘रूट’ म्हणून शिरता येणार नाही.

हेच यंत्र फ्रीबीएसडीचं (युनिक्स घराण्यातल्या दुसऱ्या प्रणालीचं) असतं तर लॉकचा बराच भार कर्नलने उचलला असता. तिथे एकाच पोर्टला दोन नावं असतात: येणाऱ्या फोनसाठी टीटीवाययू०, जाणाऱ्यासाठी सीयूएयू० (आठव्या आवृत्तीच्या आधी टीटीवायडी० आणि सीयूएडी०). पहिलं उघडायला गेलं की कॅरियरची वाट पाहावी लागते, दुसऱ्याला नाही. लॉगिन देणारं गेटी पहिल्यावर वाट पाहत असताना दुसरं खुशाल उघडता येतं, आणि फोन आत आलेला असेल तर दुसरं ‘व्यस्त’ म्हणून परत फिरवतं. सुरुवातीची सेटिंग ‘.इनिट’ या जोडीदार उपकरणावर ठेवता येतात, ‘.लॉक’ वर ती कुणी बदलू नये म्हणून बांधता येतात. लिनक्समध्येही पूर्वी सीयूए नावाची उपकरणं होती. २.२ च्या कर्नलपासून ती वापरू नका अशी सूचना येऊ लागली आणि पुढे ती गेली. म्हणून लिनक्सवर लॉक फाइल हाच एक करार उरतो आणि तो सगळ्यांनी पाळावा लागतो.

चाचणी

मला ज्या चाचणीचं उत्तर खरोखर हवं होतं ती एकच. फोनवरून लॉगिन करायचं, आणि सत्र चालू असताना केंद्रातल्या माणसाने टेलिफोनची तार भिंतीतून उपटायची. मोडेम थोडा वेळ कॅरियर परत येतो का पाहतो (‘एस१०’ मध्ये हा वेळ सेकंदाच्या दशांशांत असतो), मग डीसीडी उतरवतो. ‘/प्रॉक/टीटीवाय/ड्रायव्हर/सीरियल’ मधून ‘सीडी’ गेलं, ‘हू’ च्या यादीतून सत्र गेलं, प्रक्रियांच्या यादीत ते शेल उरलं नाही, एमगेटी पुन्हा वाट पाहत बसलं. तार परत लावून फोन केला तर लॉगिनचीच ओळ आली. हे मी ‘रूट’ च्या शेलसह आणि संपादक उघडा असतानाही करून पाहिलं.

दुसरी चाचणी दिशांच्या टकरीची. दिवसा आत सत्र चालू असताना रात्रीची स्क्रिप्ट मुद्दाम सुरू केली. तिने लॉक पाहिला, नोंद केली आणि माघार घेतली. उलट बाजूने, पीपीपी चालू असताना बाहेरून फोन केला तर व्यस्त सूर आला. लाइन एकच असल्याने तेच बरोबर. पीपीपी संपल्यावर एमगेटीने मोडेम पुन्हा तयार केल्याची नोंद लॉगमध्ये दिसली, आणि सकाळी मोडेम बंद-चालू करायची गरज उरली नाही. मोठी फाइल ओढून पाहिल्यावर टीटीवायएस० समोरच्या ओळीत ‘ओई’ हे अक्षरच आलं नाही. तो आकडा शून्य असला की फाइल त्याचा उल्लेखच करत नाही.

पुढे कधी यंत्र बदललं आणि त्यावर सीरियल पोर्टच नसलं, तर यूएसबी मोडेम येईल आणि त्याचं नाव टीटीवायएसीएम० असेल, किंवा अडॅप्टरवर जुना मोडेम असेल तर टीटीवाययूएसबी०. हे आकडे जोडण्याच्या क्रमाने बदलतात, म्हणून यूडेव्ह ‘/डेव्ह/सीरियल/बाय-आयडी’ खाली स्थिर जोडनावं देतं. ती वापरण्याआधी एमगेटी, पीपीपीडी आणि नोंदींची स्क्रिप्ट, तिघांच्या लॉक फायली एकाच नावाने तयार होतात का, हे ‘/व्हार/लॉक’ उघडून पाहायचं. यूएसबी मोडेमऐवजी अडॅप्टर असेल तर तो डीसीडीची तार आतपर्यंत पोचवतो का, हे आधी तार उपटून तपासायचं आणि मगच तो तिथे लावायचा. यंत्राशेजारच्या वहीत ‘एटी&व्ही’ चं उत्तर आणि सेटसीरियलच्या ओळी यांच्याबरोबर एवढं लिहून ठेवलं आहे.